बाबा पाटात उतरले

जूनमध्ये सिंगापूरच्या शाळांना सुट्टी असते आणि नेमका तेव्हाच जपानात पावसाळा. तिकिटं एवढी स्वस्त मिळाली तेव्हाच मला शंका यायला हवी होती. नवरा, मी, दहा वर्षांची लेक आणि पुण्याहून आमच्याकडे राहायला आलेले माझे बाबा, असे आम्ही डोंगरातल्या एका खेड्यात पोचलो. चार दिवस पाऊस काही थांबला नाही.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आमच्या मुक्कामाच्या घरामागे भातखाचरं होती आणि त्यांना पाणी देणारा दगडी पाट. झालं! उठले की छत्री घेऊन तिकडे. मी हौसेने फुलांची बाग दाखवायला नेलं, तर तिथेही यांची नजर गटारावर.

“बाबा, आपण फिरायला आलोय.”

“अगं, उतार बघ किती बेताचा दिलाय!”

शेवटच्या दिवशी स्टेशनला जाणारी बस सव्वादहाला होती. दहा वाजता बाबा गायब. लेक शोधून परत आली आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, “आजोबा इन द वॉटर, लाह!”

मी धावले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बाबा पाटात उभे. शेजारी त्यांच्याच वयाचा शेतकरी. दोघं मिळून अडकलेली फांदी ओढत होते. बाबा मराठीत सूचना देत होते, तो जपानीत.

“बाबा, बस येईल!”

“दोनच मिनिटं.”

वीस लागली. बस गेली. परक्या माणसासमोर मी बाबांना फाडफाड बोलले. त्या बिचाऱ्याला काय कळलं कोण जाणे, तो कमरेत वाकून माझीच माफी मागू लागला. मला लाज वाटली आणि बाबांचा आणखीच राग आला.

त्यानेच आम्हाला गाडीतून स्टेशनवर सोडलं, पण आरक्षण केलेली ट्रेन चुकलीच. पुढच्या ट्रेनमध्ये दोनच जागा मिळाल्या. बाबा बसायला तयार होईनात, म्हणून नवरा आणि लेक बसले, मी आणि बाबा विमानतळापर्यंत उभे.

“रागावलीस?”

“हो.”

सिंगापूरला परतल्यावर दोन दिवस मी जेवढ्यास तेवढंच बोलत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी स्वतः चहा केला, कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “चुकलंच माझं.”

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. मला ऑफिसला उशीर होत होता.

“साखर कमी आहे,” मी म्हटलं, आणि उभ्या उभ्या सगळा चहा संपवला.