डेंगा कुणाच्या ताटात

आमच्या घरात खेकड्याचा मोठा डेंगा, म्हणजे पुढची नांगी, कर्त्या पुरुषाच्या ताटात वाढतात. बारके पाय वाटून, गाळून त्यांचं पाणी रश्श्यात जातं, डेंगा मात्र अख्खा ठेवायचा. लग्न होऊन कासार आंबोलीत आल्यापासून मी तो नवऱ्याला वाढत आले. माघात नवरा गेला.

आखाडात दीर आणि जाऊ पिरंगुटहून जेवायला येणार होते. कारण जेवणाचं नव्हतं. ओढ्याकाठचं भाताचं खाचर दोघा भावांचं, नवऱ्याच्या जागी आता माझं नाव लागलेलं. शेजारच्या रानात बंगले उठले होते आणि दिराला आमच्याही खाचरासाठी गिऱ्हाईक मिळालं होतं. माझी सही राहिली होती. मला खाचर ठेवायचं होतं. त्यातला तांदूळ वर्षभर पुरतो, दुसरं कारण नाही.

नवरा गेल्यावर मी रडले नाही. बायका वाट बघून दमल्या. तेरावा उरकून मी शाळेत परत रुजू झाले. मी विज्ञान शिकवते. दीर यायचे होते त्या आठवड्यात वर्गात खेकडाच होता. डेंगे म्हणजे मुळात पुढचे पाय, हे फळ्यावर काढून दाखवलं. चालायच्या पायाची शेवटची दोन पेरं चिमट्यासारखी झाली, आधी खाणं धरायला, मग भांडायला. नराचा एक डेंगा दुसऱ्यापेक्षा मोठा असतो. मोठा गोगलगाय फोडतो, बारका मांस कातरतो. आणि भांडण बहुतेक वेळा होतच नाही. दोघं डेंगे उगारून एकमेकांचा अंदाज घेतात, बारका असतो तो मागं सरतो. मुलींनी उतरवून घेतलं.

रविवारी सकाळी मीच खेकडे धरायला गेले. बांधातल्या बिळात हात घातला आणि मोठ्या नराने बोट धरलं. अशा वेळी ओढायचं नाही, हात पाण्यात सोडून गप्प बसायचं, मग तो आपणच सोडतो. मी बसले. त्याने बोट सोडलं नाही, डेंगाच मुळापासून सोडला आणि बिळात गेला. तुटलेला डेंगा माझ्या बोटाला आवळलेलाच. रक्त आलं होतं, दुखत असणार. दुसऱ्या कुणाच्या हाताकडे बघावं तशी मी बघत राहिले. मग तो उचकटून काढला, पिशवीत टाकला आणि आणखी चार बिळं बघितली.

जेवायला मी पुरुषांची पंगत उठायची वाट पाहिली नाही. दिराच्या समोर माझंही ताट मांडलं आणि तो डेंगा माझ्या ताटात घेतला. जावेचा हात भाकरीवरच थांबला.

दीर हसला. "वैनी, डेंगा चुकून तिकडं गेला जनू."

"चुकून नाही, भावजी. मी धरला."

"आन् खेकडा कुटं हाय?"

"बिळात. डेंगा टाकून गेला."

"मंग आता मरतोय त्यो. बिनहत्याराचा किती दिस जगनार?"

मी सांगितलं की कवच टाकताना नवा फुटतो, आधी बारका, मग वाढतो. जाऊ म्हणाली की वैनींची शाळा घरीबी चालू असतीया. मी वरवंट्याने डेंगा फोडला. मांस भरपूर होतं. चव लागली की नाही ते आठवत नाही.

हात धुतल्यावर दिराने सहीचं काढलं. मी नाही म्हणाले. तो बराच वेळ बोलला, भावाची इच्छा काय होती, बाईमाणसाला शेती झेपते का, गिऱ्हाईक थांबणार नाही. मी ऐकून घेतलं. भावाची इच्छा मला ठाऊक होती, नवऱ्यालाही विकायचं होतं. ते मी दिराला सांगितलं नाही.

"तुमचा अर्धा भाग तुम्ही विका," मी म्हणाले. "मोजणी लावा. माझा मी ठेवते."

"ओढ्याकडचा भाग तुमाला न्हाई मिळायचा, सांगून ठेवतो."

"जो मिळेल तो."

दिवाळीनंतर मोजणी झाली. ओढ्याकडचा भाग त्याला गेला, त्याने तो विकला, आता तिथे तारेचं कुंपण आहे. माझ्या भागाला पाणी कमी येतं. यंदा लावणीला मजूर मिळाले नाहीत, तर शाळेतून रजा काढून मीच उतरले. तांदूळ वर्षभर पुरणार नाही, गुढीपाडव्यापर्यंत जाईल. पुढचा विकत आणावा लागेल.