तळ्यात कुणी काय टाकलं?

"मॅडम, तुमचं शेवाळ वारलं," मॅनेजरसाहेब म्हणाले. आवाजात दुःख अजिबात नव्हतं.

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीजवळच्या एका कोळंबी गोठवणाऱ्या फॅक्टरीत मी केमिस्ट होते. कोळंबी धुतलेलं घाण पाणी खाडीत सोडण्याआधी आम्ही एका उथळ तळ्यात साठवायचो. तिथे जिवाणू घाण खातात. त्यांना लागणारा ऑक्सिजन हिरवं शेवाळ उन्हात तयार करतं. मशीन नाही, लाइटबिल नाही. म्हणूनच साहेबांचा त्यावर विश्वास नव्हता.

त्या सकाळी तळं मळकट झालं होतं आणि घाण मारत होतं. मला पहिला संशय साहेबांवरच आला. कोल्ड स्टोरेजमधला अमोनिया गुपचूप सोडला असेल! साहेबांना संशय माझ्या शास्त्रावर, फोरमनला खालच्या वाडीवर. मग काठावर पांढरे खडे दिसले. हुंगले. ब्लीचिंग पावडर. विहिरीत टाकतात तीच.

तडक वाडीत गेले. तळ्याच्या उतारालाच सगुणाकाकींची बाव होती. अख्खी वाडी त्याच विहिरीचं पाणी प्यायची. काकी रहाटाशीच होत्या.

"व्हय, आमीच टाकली," त्या म्हणाल्या. "बावीत शेवाळ झाला की पंचायत पावडरच टाकते ना? तुमचा तळा तर सगळा हिरवा. कातळातून ता पानी हकडं आला, तर पोरांनी काय पियाचा?"

मी चिडले होते, पण भीती खोटी म्हणता येईना. जांभ्या दगडातून पाणी झिरपतंच. बावीचं पाणी तपासलं. स्वच्छ निघालं. रिपोर्ट घेऊन गेले, साहेबांनाही ओढून नेलं.

काकींनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. बावीतून तांब्या भरला आणि पुढे केला.

"मग पी."

साहेबांना नेमका तेव्हाच ऑफिसातला एक फोन आठवला. मी तांब्या घेतला आणि माझा हात ओठांशी अडखळला. तपासणी माझीच, तरीही! फार लाज वाटली. घटाघट प्यायले.

"भ्यालीस ना गो?" काकी म्हणाल्या. "आमी रोज पितो."

पाणी झिरपू नये म्हणून साहेबांशी भांडून तळ्याला चिकणमातीचं अस्तर घालून घेतलं. शेवाळ पुन्हा धरलं. पावडर परत पडली नाही.

नोकरी सोडताना नव्या केमिस्टला एवढंच सांगितलं: बावीवर गेलास की आधी तांब्याभर पाणी प्यायचं, मग तपासणीची बाटली भरायची. रिपोर्टवर सही त्यानंतर.