सूर्यावरचा डाग जाईपर्यंत

ग्रहणात गरोदर बाईला कोंडू नका, अशी पत्रकं मी चिखली तालुक्यात गावोगाव वाटली. आणि पोटुशी असताना उंद्रीला, सासरी, मीच कोंडले गेले!

झालं असं. अंगणात दुर्बिणीतून सूर्य पांढऱ्या कागदावर पाडून मी सासूबाईंना डाग दाखवला. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं.

"हे तं गरहनच झालं. डाग जाईपर्यंत घरातच राह्य."

विळी हातातून काढून घेतली. मी तणतणत फाटकापर्यंत गेले, तर भर उन्हाळ्यात त्यांनी संध्याकाळपर्यंत पाण्याला तोंड लावलं नाही. याला आमच्या पत्रकात उत्तर नव्हतं.

मग उंबऱ्याआतून भाषण ठोकलं. सूर्याचा मधला पट्टा जोरात फिरतो, ध्रुवांकडचा भाग रेंगाळतो. या ओढाताणीत चुंबकीय क्षेत्राला पीळ पडतो, तो वर आला की आतली उष्णता अडते, तोच डाग. डागांचं हे चक्र पुढे जातं तसे नवे डाग विषुववृत्ताच्या जवळ उमटतात. विरलेल्या डागांचं उरलंसुरलं चुंबकत्व पृष्ठभागावरचे प्रवाह ध्रुवांकडे वाहून नेतात आणि तिथली उत्तर-दक्षिण उलटते. साधारण अकरा वर्षांनी पुन्हा नवं चक्र. सध्या सूर्य ऐन भरात आहे, म्हणजे डागांचा सुकाळ.

"अकरा वर्सं? पोरगं पाचवीत जाईन व तोवर!"

"हा एक डाग पंधरवड्यात कडेआड जाईल, आई."

"मंग तो गेला का तू मोकळी."

तेव्हापासून वांग्याला पाणी सोडण्याआधी त्या स्वतःच दुर्बीण लावत. मी दारातून बघायची. डाग रोज थोडा सरकायचा. एका सकाळी तो दिसेनासा झाला. मी चपला घातल्या.

"थांब व. इकडच्या कडेले हे काय हाय? काचंवरचा कचरा?"

नवरा ब्रश चावत माझ्या कानाशी आला. "सांग ना कचरा म्हणून. तिले काय समजते?"

तिले काय समजते! हेच वाक्य ऐकून ऐकून मी चळवळीत आले होते.

"आई, दुर्बीण हलवू नका. सूर्य कागदावरून आपोआप सरकेल. कचरा असला तर जागीच राहील."

त्या उकिडव्या बसून बघत राहिल्या. ठिपका सूर्यासोबत सरकला.

"डागच हाय," त्या लेकाकडे न बघता म्हणाल्या. "नवा."

आणि दार ओढून घेतलं. मी आत, चपलांसकट उभी.