पेटीभोवतीचा फोटो

वसईतल्या चित्रकलेच्या वर्गात माझ्या शेजारी पाचूबंदरला मासळी विकणाऱ्या एक ख्रिस्ती बाई बसायच्या. आम्ही सगळे एका जुन्या, गाजलेल्या चित्रातल्या म्हातारीची नक्कल करत होतो. बाई मात्र नुसते डोळे काढायच्या, पुसायच्या, पुन्हा काढायच्या. मला चीड यायची. एकदा विचारलंच.

"आयचा एकच फोटो हाय," त्या म्हणाल्या. "तिच्या मयताला, पेटीभोवती सगल्यांनी उभं राहून काढलेला. त्यात तिचे डोले मिटलेले. ते उघडायचेत मना."

शेवटी डोळे जमले. कागदावरची म्हातारी आमच्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "आता आईचे काढा."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"कसे होते तेच आठवत नाय. ताजी की शिली, म्हनून जल्मभर मासलीचे डोले बघितले. आयचे नाय बघितले."