मंगळावरची भरदुपार

“साइट चार? सर, कॅरमबोर्ड आहे नुसता! पावडरसुद्धा मारायला नको.”

पार्टिशनपलीकडून गावडेंचा आवाज आला आणि माझ्या हातातलं भिंग थांबलं. गावडे आमचे सीनियर. पण साइट चारचे आकडे मी काढले होते.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंधेरीतल्या आमच्या छोट्या कंपनीला परदेशातून काम मिळालं होतं. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाने काढलेले फोटो तपासायचे आणि रोव्हर, म्हणजे चाकांची गाडी, तिथे सुखरूप कुठे उतरेल ते सुचवायचं. ती गाडी पुढे कागदावरच राहिली. आम्ही मात्र ती पुढच्या महिन्यात उतरणार असल्यासारखे राबत होतो.

फोटो इतक्या उंचीवरून काढलेले, की एका ठिपक्यात अख्खी बस मावावी. धोंडे दिसतच नाहीत. टेकाडं आणि खड्ड्यांच्या कडा सावलीवरून ओळखायच्या. सावलीची लांबी मोजली की उंची काढता येते. सावली नसेल तर तक्त्यात शून्य. साइट चारला मी ओळीने अकरा शून्यं लिहिली होती.

मी प्रिंट पुन्हा बाहेर काढली. सूर्य किती वर होता ते कडेला बारीक अक्षरांत छापलेलं असतं. तो जवळजवळ डोक्यावर होता. भरदुपार. मी खारदांड्याची. आमच्याकडे मासळी सुकवतात ती वाळू दुपारी इस्त्री केल्यासारखी दिसते. उन्हं कलली की तिच्यावरचं पाऊलन्‌पाऊल उमटतं.

रद्द प्रिंटांच्या खोक्यात त्याच जागेचा, कलत्या उन्हातला फोटो सापडला. रेघा पडल्या म्हणून बाजूला टाकलेला. रेघांमधूनही साइट चार सिमेंटच्या पत्र्यासारखी दिसत होती, वळीला वळी लागून.

सव्वाचार वाजले होते. पाचला क्लायंटला टेलेक्स, म्हणजे तारेवरून टाइप होणारा संदेश, जाणार होता. माझं प्रोबेशन संपायला एक महिना उरला होता. गप्प राहिले असते तर कोणाला कळलंही नसतं.

मी दोन्ही प्रिंट आमचे प्रमुख सामंत सर यांच्या टेबलावर ठेवल्या.

सरांनी भिंग लावलं. “गावडे, इकडे या.”

गावडे वाकले. “आयला, वाट लागली! हा तर आमच्या गावचा घाट. फिलू, हे रीडिंग कोणाचं गं?”

मी तक्त्याखालच्या माझ्या सहीवर बोट ठेवलं.

“तिच्याखाली तुमची सही आहे, आणि तुमच्याखाली माझी,” सर म्हणाले. “टेलेक्स थांबवा आधी.”

गावडे धावले आणि हसतच परतले. “संदेशाची टेप पंच झाली होती, सर, पाठवायचीच बाकी होती. फाडून टाकली. वाचलो!”

मी न विचारता खुर्चीत बसले.

सर तक्ता चाळत होते. “चार गेली. पण सहा आणि नऊचेही फोटो दुपारचेच. त्यांचे दुसरे आहेत?”

मी नकारार्थी मान हलवली. खोकं सगळं पाहून झालं होतं.

“मग तिथे शून्य राहू दे, सर,” गावडे म्हणाले. “आकडा नसला तर क्लायंट म्हणेल, झोपा काढता काय?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. सावली दिसली नाही म्हणून टेकडी नाहीशी होत नाही, एवढा धडा त्या दुपारी मला पुरला.

“नाही सर,” मी म्हणाले. “शून्य नको. ‘माहीत नाही’ असं लिहा.”