करंट रेणूंतून गेलाच नव्हता

कम्युनिटीतल्या दोस्तांनो, डोकं ठिकाणावर नाही, म्हणून हातकणंगल्याला घरी जायच्या आधी नेट कॅफेत बसून हे लिहितेय.

माझं पीएचडीचं काम म्हणजे सोन्याच्या दोन थरांमध्ये रेणूंचा एकच थर बसवायचा आणि त्यातून वीज कशी वाहते ते मोजायचं. करंट मिळाला. गाईड सरांनी पेपरही लिहिला.

आज मी तोच नमुना द्रव नायट्रोजननं थंड केला. करंट रेणूंतून जात असता, तर घटला असता किंवा तेवढाच राहिला असता. तो वाढला. असं धातूत होतं. म्हणजे वरचं सोनं रेणूंच्या थरातल्या भोकातून खालच्या सोन्याला टेकलं होतं.

सरांना ग्राफ दाखवला.

"तुझं खरं हाय," ते म्हणाले. "पण कोल्हापुरातनं असा पेपर पहिल्यांदाच चाललाय. मोडता घालू नकोस."

"मग माझं नाव काढा, सर."

मला वाटलं, आता तरी थांबतील. त्यांनी माझ्यासमोर कॉम्प्युटरवर नाव पुसलं आणि चहा मागवला.

पेपर उद्या जातोय. मी असताना तो थांबला नाही, मी नसतानाही थांबणार नाही. तुम्ही माझ्या जागी असता, तर हे घेऊन कुणाकडं गेला असता?