गो कुठलं, नो कुठलं

सन दोन हजार अठरा. मी एकोणसाठ वर्षांचा होतो, आणि तिसरी नापास हे माझं शिक्षण तोवर कुणाच्या आड आलं नव्हतं. चाकणच्या एका लहान कंपनीत गाड्यांच्या पार्टला पाडलेली भोकं तपासायचं माझं काम. त्याचं हत्यार म्हणजे गेज. मधे मूठ, दोन्ही बाजूंना गुळगुळीत पोलादी टोक. एक टोक गो, ते भोकात गेलंच पाहिजे. दुसरं नो गो, ते जाता कामा नये. मुठीवर तसं इंग्रजीत कोरलेलं असतं. मला ते वाचता येत नव्हतं आणि त्यावाचून अडतही नव्हतं. गो लांब असतं, नो गो आखूड. हाताला कळतं. माझा शिक्का बसलेला एकही पार्ट गिऱ्हाइकाकडून परत आलेला नाही. हे मी म्हणत नाही, रजिस्टर म्हणतं.

मग क्वालिटीला नवे साहेब आले. माझ्या थोरल्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. त्यांनी फर्मान काढलं की गिऱ्हाइकाचे लोक ऑडिटला येणार, तेव्हा ज्याच्याकडे शिक्का त्याला गेजवरचं आणि टॅगवरचं इंग्रजी वाचता आलंच पाहिजे. नाही तर शिक्का जमा करायचा आणि पॅकिंगला जायचं. पॅकिंग म्हणजे दिवसभर खोक्यांना चिकटपट्टी मारायची.

“काका, पंधरा दिवस देतो. मनावर घेऊ नका.”

“घेतलं,” मी म्हणालो.

घरी बारावी झालेली सूनबाई. संध्याकाळी चपात्या लाटता लाटता ती मला शिकवायची, मी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर गिरवायचो.

“मामा, आधी दोन अक्षरांचे शब्द. शेवटी ओ. गो म्हणजे जा. नो म्हणजे नाही. सो म्हणजे म्हणून. टू म्हणजे कडे. डू म्हणजे कर.”

“समद्यांच्या शेवटी एकच गोल, मग एक गो अन् दुसरा टू असं कसं?”

“इंग्रजीत असतं तसं.”

“म्हंजी त्यांचं त्यांनाच ठरल्यालं न्हाई.”

“मामा, परीक्षा तुमची हाय, त्यांची न्हाई.”

नो उलटं लिहिलं की ऑन होतं, म्हणजे चालू. हे मात्र मला लगेच पटलं. आमच्या कंपनीतही सकाळी ज्याला नाही म्हणतात ते दुपारी चालूच असतं. पुढे पिन, बिन, टिन आले. मागचं तेच, नुसतं पुढचं अक्षर बदललं की वस्तू बदलते. हयातभर हाताळलेल्या वस्तूंची नावं वाचायला मला म्हातारं व्हावं लागलं. त्याच रांगेत सूनबाईनं सिन लिहिलं. म्हणजे पाप.

“हे कंपनीत कुठं ठेवत्यात?”

“ते नुसतं वाचता आलं तरी बास, मामा.”

ऑडिटच्या दिवशी अकरा वाजता पाहुण्यांनी गेज माझ्यापुढे धरलं. मी वाचलं. टॅग धरले, तेही वाचले. सकाळीच मागून घेतलेला शिक्का साहेबांनी चारचौघांत माझ्या हातात दिला. टाळ्या झाल्या. मी मान जरा जास्तच ताठ ठेवली असेल.

दुपारी टूल रूममधून दुसरं गेज आलं, झिजलेली टोकं बदलून. आता मी वाचणारा माणूस! प्रत्येक पार्टला आधी अक्षरं वाचायची, मग गो लावायचं. जाईना. दुसरा घेतला. जाईना. लाल टॅग, लाल टॅग. पाच वाजेपर्यंत दीडेकशे पार्ट लाल पेटीत गेले. आपण किती कडक आहोत याचं मला कौतुकच वाटत होतं.

मशीनवरचा माणूस लातूरकडचा, ठेकेदाराचा. चाळिशी उलटलेला. तो आला.

“काका, मशीन तेच, टूल तेच. सकाळी सगळे पास, आता सगळे फेल?”

“हितं काय लिव्हलंय? गो. जातंय का?”

“न्हाई जात.”

“मग झालं तर.”

साहेबांनी त्याला दुसऱ्या दिवशी नऊ वाजता केबिनला बोलावलं. ठेकेदारालाही. म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. त्याला घरी बसवणार.

सुट्टीच्या आधी गेज पुसून, तेल लावून पेटीत ठेवायची आमची रीत. पुसताना लांब टोक अंगठ्याखाली आलं. मी मुठीकडे पाहिलं. त्या बाजूला नो गो कोरलेलं. टोकं बदलताना मुठीत उलटी बसवली होती. म्हणजे दुपारभर मी गो समजून नो गो घालत होतो, आणि चांगले पार्ट फेकत होतो. वाचता येत नव्हतं तेव्हा हेच मी पहिल्याच पार्टला पकडलं असतं.

साहेब समोरूनच गेले. मी पेटी मिटून कपाटात ठेवली. अकरा वाजता मिळालेला शिक्का संध्याकाळी कोण परत देतं? आणि तोही त्यांच्या हातात? लातूरवाला जाताना “येतो काका” म्हणाला. मी मान हलवली.

घरी सूनबाईनं शिरा केला होता.

“मामा, पास?”

“पास.”

शिरा मी खाल्ला. दुसऱ्यांदा वाढायला आली तेव्हा ताटलीवर हात आडवा धरला. ती म्हणाली, “तब्येत बरी हाय ना?” मी म्हणालो, इंग्रजीनं पोट भरलंय.

सकाळी पहिल्या बसनं शिफ्टच्या तासभर आधी कंपनीत गेलो. लाल पेटी ओढली आणि एकेक पार्ट लांब टोकानं, मग आखूड टोकानं तपासला. सगळे चांगले. लाल टॅग फाडले. हिरव्या टॅगवर शेऱ्याची जागा असते, तिथे इंग्रजीत लिहायचा नियम आहे. मी मराठीत लिहिलं: ‘गेजची टोकं उलटी होती. मी वाचत बसलो, तपासलं नाही. पार्ट चांगले. मशीनवाल्याची चूक नाही, माझी आहे.’ खाली माझा शिक्का मारला. आणि नऊ वाजायच्या आत तो टॅग, ते गेज आणि शिक्का साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.